झाकणाची रुंदी

काठोकाठ भरलेला चहाचा ग्लास हातात धरून ते नव्या फुटपाथवरून चालत. मिस्त्री, मजूर, कंत्राटदाराचा माणूस असे सगळे बाजूला उभे राहून बघत. या टोकापासून त्या टोकापर्यंत चहा सांडला नाही, तर काम पास. सांडला, तर तिथंच चपलेनं खूण करत आणि म्हणत, "एवढं उखडून टाका." उरलेला चहा मग त्याच जागी बसून पीत.

तुम्हीही आयुष्यात असा एखादा माणूस पाहिला असेल. माझ्या नशिबी तो अकरा वर्षं टेबलाच्या पलीकडे बसलेला होता.

वर्ध्यातल्या एका बांधकाम कार्यालयात आम्ही दोघं अभियंते. मी नागपूरहून पदवी घेऊन आलेलो, त्यांचा डिप्लोमा. वयानं ते मोठे, त्यामुळे मी त्यांना अहोजाहो करायचो आणि ते मला भाऊ म्हणायचे. बोरगाव मेघेहून सायकलनं येत. चेनमध्ये अडकू नये म्हणून पॅन्टला उजव्या पायाशी कपड्यांचा चिमटा लावलेला असे आणि तो काढायचं दिवसभर विसरत. मोठ्या साहेबांसमोरही चिमट्यासकट जात. साहेब त्यांना "बसा" म्हणत. मला मात्र उभ्यानंच बोलावं लागे.

आता सांगूनच टाकतो, मला त्यांचा फार हेवा वाटायचा. आणि तो उगाच नव्हता, असं तेव्हा मला वाटे.

शहरात सायकलसाठी वेगळा रस्ता असावा, ही कल्पना आधी माझी होती. मी त्याचे रंगीत नकाशे केले, कडेला झाडं काढली, पडद्यावर सगळं दाखवलं. सभागृहात टाळ्या पडल्या. साहेबांनी पाठ थोपटली. मग फाइल कपाटात गेली, कारण त्या कामासाठी पैसे कुठून द्यायचे हे कोणालाच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी टेबलापलीकडून यांनी मला समजावल्यासारखं सांगितलं, "फुटपाथले कोनी पैसे देत नाई, भाऊ. सायकलले तर नाईच नाई. नालीले सगळे देतात."

हीच त्यांची पद्धत. नाली प्रत्येक वस्तीला हवी असते. डास होतात, वास येतो, लोक मोर्चा घेऊन येतात. फुटपाथसाठी कोणी कार्यालयाची पायरी चढत नाही. म्हणून ते नालीचं अंदाजपत्रक करत आणि तिच्यावरचं झाकण सपाट, भक्कम आणि भरपूर रुंद धरत. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी त्याला उतार देत. नाली मंजूर व्हायची आणि फुटपाथ आपोआप तयार व्हायचा. डांबरी रस्त्याच्या कडेची साइडपट्टी दुरुस्त करायला निघाली की ती अशी चोपून घेत की शाळेच्या मुली ट्रकच्या वाटेतून बाजूला होऊन तिच्यावरून सायकली नेत. कागदावर 'सायकल' हा शब्द कुठंही नसे. मुली मात्र त्यांना बघून घंटी वाजवत. ती घंटी माझ्या कानाला टोचायची.

माझ्या आईचे गुडघे गेले आणि तिला वॉकर आला. त्याच सुमारास आमच्या गल्लीपासून शाळेपर्यंत त्यांची झाकणं बसली. कधी नव्हे ती आई एकटी बाहेर पडू लागली. शाळेच्या पुढं दवाखाना. तिथवर काम झालं की ती रक्तदाबाच्या गोळ्या स्वतः आणणार होती, कोणाला सोबत न घेता. तिनं तसं सगळ्या शेजारणींना सांगून ठेवलं होतं.

एकदा संध्याकाळी मला म्हणाली, "तुह्या हापिसात तो चिमटेवाला कोन हाय रे? त्यानं मले उतारावरून दोनदा चालून दाखवा म्हटलं. माह्या वॉकरचं रबर एका फटीत अडकत होतं, तर उभं राहून फट भरून घेतली." मी हं म्हटलं. ती पुढं म्हणाली, "तू काय करतं रे तिथं?"

टोमणा नव्हता तो. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

त्याच आठवड्यात शाळा ते दवाखाना या तुकड्याची फाइल माझ्याकडून पुढं जायची होती. मी तीवर शेरा लिहिला: "झाकणाची रुंदी नालीच्या रुंदीपेक्षा अधिक का, याचा खुलासा घ्यावा." नियमाला धरून लिहिलं होतं. अक्षर सुंदर काढलं होतं. खाली सही केली.

त्यांना खुलासा मागितला गेला. त्यांनी दोनच ओळी लिहिल्या. नालीतून पाणी जाते आणि झाकणावरून माणूस जातो. माणूस पाण्यापेक्षा रुंद आहे. कार्यालयात सगळे हसले. मीही हसलो. वरच्या लोकांना हसू आलं नाही. तो तुकडा रद्द झाला आणि त्यांची बदली वडनेरच्या बाजूला झाली.

जायच्या दिवशी त्यांनी कपाटाची किल्ली माझ्यासमोर ठेवली. शेऱ्याखालची सही त्यांनी वाचली असणारच. मी खाली बघत होतो. ते म्हणाले, "भाऊ, तुमचं बरोबर होतं. नियम तसाच हाय." दारापर्यंत गेले आणि वळले. "मायले सांगजा, शाळेच्या पुढं एकटी नोको जाऊ म्हना. खडी लय हाय."

त्यांनी शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

पुढं ते निवृत्त झाले आणि केळझरजवळच्या आपल्या गावी राहायला गेले. नागपूरला जाताना माझी बस केळझरला थांबते. दरवेळी उतरायचं ठरवतो आणि बसून राहतो. तिथंही लोक वाटेचं काही अडलं की त्यांनाच बोलावतात, असं मागं एकानं सांगितलं. ते ऐकून आत पुन्हा तीच जुनी कळ आली. माणूस दूर गेला तरी हेवा जागचा हलला नाही.

यंदा मी तोच तुकडा स्वतः प्रस्तावात घेतला. नवे साहेब हुशार आहेत. त्यांनी जुनी फाइल मागवली, पान उलटलं आणि माझ्याकडे सरकवलं. म्हणाले, यावर आक्षेप आहे, तो आधी निकाली काढा. सही तुमचीच दिसते. मी फाइल घेऊन जागेवर आलो. दोन दिवस बसलो. शेरा इतका पक्का लिहिला होता की मलाच त्यातून वाट सापडेना.

दर मंगळवारी मी अर्धी रजा टाकून आईला दवाखान्यात नेतो. शाळेपाशी झाकणं संपतात. तिथं वीतभर खाली उतरावं लागतं आणि पुढं खडीच खडी. आई कडेला वॉकर टेकवून थांबते, मी तिचा दंड धरतो. परवा ती पुढच्या खडीकडे बघत म्हणाली, "पुढचं काऊन नाई केलं रे त्यायनं?"

"बदली झाली त्यायची."

"एवढ्या चांगल्या मानसाची? कोनं केली?"

मी वॉकर उचलला, खाली खडीवर नीट टेकवला आणि म्हटलं, "पाय टाक, आई."