नोव्हायच्या सबनीसांचा ब्लूज

देवांग सबनीसांनी अमेरिकेत डेट्रॉइटजवळच्या नोव्हायला एकवीस वर्षं गाड्यांचे ब्रेक डिझाइन केले आणि त्यातली एकोणीस वर्षं दर रविवारी दुपारी डेट्रॉइटच्या एका बारमध्ये माउथ ऑर्गनवर ब्लूज, म्हणजे तिकडचं दुःखाचं संगीत, वाजवला. त्यांची बायको कांचन तिकडे कधी फिरकली नाही.

सांगलीला इंजिनिअरिंग कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये सिनेमाची गाणी वाजवून त्यांनी दोन वन्समोअर घेतले होते. त्याच जोरावर ते बारच्या स्टेजवर चढले. वाजवून झाल्यावर म्हातारा गिटारवाला ओटिस म्हणाला, "सूर चोख आहेत. पण माणूस सुखी दिसतोस."

"हो, आहे ना!" देवांग खूश झाले.

"तोच प्रॉब्लेम आहे."

मग त्यांनी ब्लूजचा तो वाकवलेला, रडवेला सूर शिकायचा ध्यासच घेतला. पहिल्याच दिवशी शेजारच्या नीलाकाकू "कुणाला बरं नाही का?" म्हणत वरणभाताचा डबा घेऊन आल्या. कांचनने घरात वाजवायला बंदी घातली. तेव्हापासून लंच टाइममध्ये ऑफिसच्या पार्किंगमध्ये, गाडीच्या काचा बंद करून रियाज सुरू झाला. एकदा सिक्युरिटीवाल्याने काचेवर टकटक केली. "सर, आत कुत्रं कोंडलंय का?"

हे ऐकून ओटिस म्हणाला, "आता जमतंय."

आणि खरंच जमलं. ओटिसच्या बँडने त्यांना कायमचं घेतलं. एक अल्बमही निघाला. त्यावर नाव छापलं होतं 'डेव्ह सॅबी'. तरीही देवांगनी तो सगळ्या नातेवाइकांना पाठवला.

बावन्नाव्या वर्षी त्यांचा ब्रेकचा विभागच बंद झाला. त्या रविवारी हा एकटा ड्राइव्ह करत परत कसा येणार, या काळजीने कांचन पहिल्यांदाच सोबत गेली. ओटिसने देवांगच्या पाठीवर हात ठेवला. "आज खरा ब्लूज वाजव."

देवांगनी डोळे मिटून दुःख शोधलं. पण उद्या सकाळी आठची मीटिंग नाही, एवढंच आठवत राहिलं. सूर असा काही उड्या मारायला लागला, की लोक उठून नाचायला लागले. ओटिसने आधी कपाळाला हात लावला, मग हसत त्यांना साथ धरली.

खाली उतरल्यावर कांचन म्हणाली, "हसत कसला होतास? नोकरी गेलीय तुझी!"

"माहितीये गं."

"आणि एवढ्या लोकांसमोर हा चुरगळलेला शर्ट?"

आता देवांग आठवड्यातून तीनदा वाजवतात, कडक इस्त्रीच्या शर्टात. कांचन पहिल्या टेबलाशी बसते आणि सोलो चालू असताना कुणी बोललं, की मागे वळून चक्क मराठीत दटावते, "अहो, जरा गप्प बसा!" आणि लोक बसतात.