वजनाचा रकाना

मला सोयाबीन तोलायच्या काट्यावर उभं केलं.

अडतीतला हमाल माझ्याकडं नाही, काट्याकडं बघत म्हणाला, "बहात्तर." भैय्यासाहेब खूश. "बराबर हाय. चालंल."

औंढ्याजवळच्या धरणावर शिडाच्या होड्यांची शर्यत होती. होडीत दोघं. एक सुकाणूवर, दुसरा शिडाचा दोर धरून. वाऱ्यानं होडी कलली की दुसऱ्यानं कडेवर बसून अंग बाहेर टाकायचं, म्हणजे ती सरळ राहते. अडत भैय्यासाहेबांची, होडी त्यांची, सुकाणू त्यांचं. मी बहात्तर किलो. अर्जात माझ्या नावाचा रकाना कोरा होता, वजनाचा भरलेला. सगळ्यांना टोप्या वाटल्या. मला नाही. वजनाला ऊन लागत नसावं.

मी वाचनालयात शिपाई आहे. चाळिशी उलटली. बापानं याच पाण्यात जाळी टाकली. शर्यतीच्या नियमांची झेरॉक्स काढायला मलाच पाठवलं होतं. पुस्तकं झटकायच्या आधी मी ती वाचतो. नियमही वाचले.

सुरुवातीला आम्ही मागं पडलो. डोंगराच्या बाजूचं पाणी काळं पडून सुरकुतत होतं.

"दादा, तिकडं वळवा. वारा तिकडून येऊन राहिला."

"पोतं बोलतं का बे?"

थोड्या वेळानं गुपचूप तिकडंच वळले. आम्ही पुढं गेलो. "पाह्यलं? वारा असा वाचाव लागते," त्यांनी मलाच शिकवलं.

शेवटच्या वळणावर एक नारंगी पिंप तरंगत होतं. त्याला न शिवता वळसा घालायचा. त्यांनी फार जवळून कापलं. होडी पिंपाला घासली. नियम साधा: शिवलं तर आपणहून एक पूर्ण गिरकी घ्यायची, मग पुढं.

"दादा, गिरकी."

"काहून? कोणी पाह्यलं?"

"मी."

"तू वजन हायेस. दोर ओढ."

मी ओढला. आम्ही पहिले आलो.

मंडपात फेटे, काजू, स्पीकर. अध्यक्ष म्हणाले, "या खेळात पाण्यावर पंच नसतो. प्रत्येकाचं मन हाच पंच." सगळ्यात मोठी टाळी भैय्यासाहेबांची. त्यांची किळस होतीच. दोर ओढणाऱ्या माझ्या हातांची जास्त.

"कुणाची हरकत?" अध्यक्षांनी रिवाज म्हणून विचारलं.

मी उठून माइकजवळ गेलो. "हाय. आमची होडी पिंपाला शिवली. गिरकी घेतली न्हाई."

भैय्यासाहेब हसले. "सोडा हो साहेब, आपलाच माणूस हाय. उन्हानं फिरलाय."

"माणूस?" मी म्हटलं. "सकाळी पोतं होतो."

सगळ्या मंडपानं ऐकलं. माइक बंद असता तर निकाल काय लागला असता, मला माहीत आहे. आमची होडी बाद झाली. चषक दुसऱ्या आलेल्या डॉक्टरसाहेबांना गेला. त्यांनी माझी पाठ थोपटली.

"शाबास! पुढच्या वर्षी आमच्या होडीत ये. किती किलो?"

त्यांचा हात मी बाजूला केला. टेबलावरचा कोरा अर्ज उचलला. सुकाणूसमोर माझं नाव लिहिलं, बापाच्या नावासकट. वजनाचा रकाना खोडला.

अर्ज घरी आहे. बापाची मासेमारीची होडी अजून पाण्यात आहे. शीड मी शिवतोय. असली होडी शर्यतीत घेणार नाहीत म्हणतात. नियमात तसं कुठंही नाही. घ्यायची नसेल तर तसं लिहून द्यावं लागेल.

मी वाचीन. त्याच माइकवर.