घंटा कुणी बंद करायची?

नोएलीन स्टबिंग्ज सव्वीस वर्षं आमच्या गावातल्या आगीच्या घंटा सांभाळते आहे आणि त्याबद्दल गावाने तिला शिव्याच घातल्या आहेत. मीही घातल्या आहेत. क्लबाच्या बारवर मीच असतो.

आमचा लॉन बोल्स, म्हणजे हिरवळीवर चेंडू घरंगळवायच्या खेळाचा क्लब आणि शेजारचा वृद्धाश्रम पूर्वी सुखाने वेगळे होते. म्हाताऱ्यांना पावसात न भिजता बिअरला येता यावं म्हणून मधे छपराची वाट बांधली, आणि नियमाने दोन्ही मिळून एकच इमारत झाली, आणि घंटाही एकच. तेव्हापासून क्लबात टोस्ट करपला की तिकडचे चाळीस म्हातारे पांघरुणं गुंडाळून हिरवळीवर.

क्लबचा अध्यक्ष मरी गॅड्सबी वैतागला. जुन्या कंपनीने फोनवरून घंटा बंद करायची सोय ठेवून दिली होती. पासवर्ड म्हणजे क्लबचंच नाव, तोही बारच्या फ्रीजवर चिकटवलेला!

"फोनवरून बघ हवं तेवढं," नोएलीन म्हणाली. "बंद मात्र भिंतीवरच्या घंटेच्या पॅनेलपाशी उभं राहून करायची, धूर कुठे आहे ते बघून. ही सोय काढा, नाहीतर मी चालले."

"जा की बाई!" मरी म्हणाला. "तुझ्यावाचून अडलंय कुणाचं?"

शुक्रवारी दुपारी क्लबात बक्षिसाच्या ताटाची, म्हणजे मटणाच्या चॉप-सॉसेजची सोडत असते. ती झाली की फोनची सोय ठेवायची की काढायची यावर मतदान घ्यायचं ठरलं. मरी नंबर पुकारणार, इतक्यात घंटा वाजली. त्याने ताट काखेत धरून अंगठ्याने फोन दाबला. घंटा गप्प! आम्ही टाळ्या वाजवल्या. सांगायला लाज वाटते.

नोएलीन मात्र केव्हाच पळत सुटली होती.

आश्रमाच्या कपडे धुण्याच्या खोलीत ड्रायर पेटला होता. तो विझवून ती काळ्याठिक्कर तोंडाने परत आली. हाताला धरलेली मरीची आई, आश्रमातच राहणारी एक्याण्णव वर्षांची आयव्ही, सारखी खोकत होती.

"आई! तू बाहेर का नाही पडलीस?"

"निघाले होते रे. खोलीच्या दारापर्यंत आले, तर घंटाच थांबली. म्हटलं, माझ्या मरीने बघितलं असेल सगळं नीट. परत जाऊन पडले."

मरीने ताट खाली ठेवलं.

"नोएलीनच्या बाजूने कोण कोण?" त्याने विचारलं, आणि पहिला हात स्वतःच वर केला. आयव्हीनेही केला. ती सभासद नाही, पण तिला नको म्हणायची कुणाची छाती होती!