स्वीडनची मुलाखत आणि काकांचं एक एकर

परवा दुपारी मेल आला... स्वीडनमधल्या एका विद्यापीठात मला पोस्टडॉकची, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाची, जागा मिळाली. दोन वर्षं, शेतातल्या पाण्याच्या निचऱ्यावर काम.

मी मूळची आष्ट्याची. पीएचडी क्षारपड जमिनीवर केली, म्हणजे पाणी साचून मीठ वर आलेली, पीक न येणारी जमीन. सध्या सांगलीच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते.

सुरुवातीला मी तिकडच्या प्रोफेसरांना 'रिस्पेक्टेड सर' म्हणून लांबलचक मेल पाठवत बसले. उत्तर कुणाचंच नाही. मग फिनलंडमध्ये पीएचडी करणाऱ्या एका ज्युनियर मैत्रिणीनं सांगितलं, की तिकडे पीएचडी काय आणि पोस्टडॉक काय, रीतसर पगारी नोकरी असते. विद्यापीठाच्या साइटवर जाहिरात येते, मुदतीत फॉर्म भरायचा, बस.

तेव्हापासून सकाळचा चहा त्या साइट्स बघत. डेन्मार्क, नॉर्वे, फिनलंड... अकरा नकार आले. बाराव्या अर्जाला मुलाखत.

स्टाफरूम रिकामी होती, तिथेच लॅपटॉप लावला. समोर तिघं, बोलणं अगदी शांत. शेवटी त्यांच्यातल्या एका बाईंनी विचारलं, तुमच्या कामातलं काय फसलं, आणि त्यानंतर तुम्ही काय केलंत?

याचं गुळगुळीत उत्तर मी पाठ करून ठेवलं होतं. पण तोंडातून काकांचं शेत निघालं.

पीएचडीच्या वेळी काकांच्या एका एकरात मी जमिनीखाली छिद्रांचे पाईप घातले होते, साचलेलं पाणी ओढ्यात जावं म्हणून. पाईपच्या तोंडाची उंची मोजताना माझी चूक झाली. पावसात ओढा चढला, पाणी उलटं शेतात आलं आणि सोयाबीन उभं कुजलं.

काका एका शब्दानं बोलले नाहीत. मी मात्र तो प्लॉट प्रबंधातून गाळला. काका घरी भेटायचे, पण शेताचा विषय मी येऊच द्यायचे नाही... चार वर्षं तिकडे पाऊल ठेवलं नाही.

म्हणजे फसल्यावर काय केलं, तर लपवलं. तेही सांगून टाकलं. लॅपटॉप मिटताना वाटलं, गेली ही पण.

परवाच्या मेलच्या शेवटी त्या बाईंची एक ओळ होती, पहिल्याच आठवड्यात आपण तुमच्या त्या फसलेल्या प्लॉटवर बोलू.

काल आष्ट्याला गेले आणि थेट शेत गाठलं. काकांना नोकरीचं सांगितलं, मुलाखतीत काय बोलले तेही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मला ओढ्यापर्यंत नेलं.

पाईप पुढे वाढवून पार खालच्या वळणावर सोडलेला होता. तोंडातून पाण्याची बारीक धार चालू होती. मागे वळून बघितलं, तर त्या एकरात कमरेइतका ऊस.

"दुसऱ्याच वर्षी केलं बघ," काका म्हणाले. "जरा खाली न्यायचा हुता, एवढंच."

मला सांगितलं का नाही, असं विचारलं.

"सांगणार हुतो की. पण तू बांधावर यायचीच बंद झालीस."

मी म्हटलं, जायच्या आधी इथले मातीचे नमुने घेऊ का? काका म्हणाले, "खड्डं मी काढतो, तू लिव."

आज सकाळपासून नमुन्यांच्या नोंदी लिहितेय. चार वर्षं उशिरा... पण काका, खड्डे अगदी मापात काढलेत तुम्ही.