माइल्ड म्हणजे किती

कूलरचे जुने गवत बदलायचे म्हणून बायकोने टाकीत हात घातला आणि किंचाळली. सुक्या कचऱ्याखाली साप होता. बोटावर दोन बारीक ठिपके, रक्त. शहराच्या कडेला, बेशाला आमच्या घरांच्या लेआउटमागे अजून शेते आहेत, साप निघणे नवे नाही. पण घरात कुणाला चावला नव्हता.

शेजाऱ्यांनी वस्तीतल्या सर्पमित्राला बोलावले. त्याने साप काठीवर घेऊन उजेडात पाहिला.

"मांजऱ्या हाय, काकाजी. याचं विष माइल्ड असते. काही होत नाही."

दारात जमलेली माणसे हसली. बायकोही हसली. मी मात्र त्या शब्दाशी अडकलो.

मी वाडीला लोखंडाच्या गोदामात हिशेब पाहतो. आमच्याकडे माइल्ड स्टील ट्रकने येते. तिथे माइल्ड म्हणजे कार्बन कमी, आणि किती कमी ते मोजून सांगता येते. अंगावर पडले तर माणूस उठत नाही, ते वेगळे. हॉटेलात माइल्ड सांगून मागवलेल्या सावजी रश्शाने नाकातून पाणी येते. त्यावर निदान हसता येते. बाबांना डॉक्टरांनी सांगितला होता तो अटॅकही माइल्डच होता. त्या शब्दावर विसंबून मोठा भाऊ पुण्याहून एक दिवस उशिरा निघाला. त्याला बाबा भेटले नाहीत.

"दवाखान्यात चल," मी म्हटले.

"काहून? तो सांगून राहिला ना, माइल्ड हाय म्हणून!"

"माइल्ड म्हणजे किती?" मी सर्पमित्राला विचारले.

"किती म्हणजे..." त्याने साप पिशवीत सोडला. "माणसाले पुरत नाही एवढं. पण दाखवून या काकाजी. दाखवलेलं बरं."

शेजाऱ्यांनी कार काढली. मागच्या सीटवर मी तिचा हात धरून बसलो. बोट सुजत होते. जीभ जड होते आहे का ते कळावे म्हणून तिला एकोणीसचा पाढा म्हणायला लावला. एकोणीस सक म्हणून झाले आणि ती गप्प झाली.

"पुढे म्हण! डोळे मिटू नको!"

"अहो, मले शाळेतही याच्यापुढं येत नव्हता!"

शेजारी पुढच्या सीटवर खोकल्यासारखे हसले. मला हसता आले नाही. दवाखान्याच्या फाटकापर्यंत मी तिची बुबुळे पाहत होतो.

डॉक्टरांनी सर्पमित्राने पाठवलेला सापाचा फोटो पाहिला, रक्त तपासले आणि तिला संध्याकाळपर्यंत ठेवून घेतले. मी दर थोड्या वेळाने तिच्या बोटावर पेनाने सुजेची खूण करत होतो. सूज शेवटच्या खुणेपुढे गेली नाही. मग घरी सोडले.

घरी आलो तोच भावाचा फोन. शेजाऱ्यांकडून त्याला कळले होते.

"कसा होता साप? निघू का मी?"

तो शब्द माझ्या तोंडाशी आला होता. मी तो गिळला.

"समोर बसली आहे," मी म्हटले. "चहा पिऊन राहिली. साखर कमी आहे म्हणते. थांब, तिच्याशीच बोल."