ढीग बघून जेवणारी विहीण

आमच्या या हिंदी मुलखातल्या शहरात, अख्ख्या लश्कर पेठेत, मला सौद्यात हरवणारा माणूस अजून जन्मलेला नाही. बाई मात्र एक जन्मली, आणि माझ्या नशिबानं ती माझी विहीण झाली. गंमत म्हणजे तिला भाव करताच येत नाही. भाजीवाला सांगेल ते ती मुकाट्यानं देते, तरी तिच्या घरचा खर्च माझ्यापेक्षा कमी. कारण तिचा नियम एकच: मंडईत ज्या भाजीचा ढीग सगळ्यांत मोठा, तीच त्या दिवशी घरी शिजणार. मोठा ढीग म्हणजे ऋतूची, ताजी आणि स्वस्त भाजी, असं तिचं शास्त्र. थंडीत बथुआचे, म्हणजे आपल्या चाकवताचे, ढीग लागले की आठवडाभर ताकातलं चाकवत, चाकवताचे पराठे आणि चाकवत घातलेलं वरण. एकदा जावईबापूंनी वैतागून विचारलं की उद्या नुसत्या कांद्याचा ढीग लागला तर? ती शांतपणे म्हणाली, "मग बाजरी दळून आण."

मी दाल बाजारात एका पोतंभर मुगावर दुकान उभं केलेली बाई. लेकीच्या लग्नात हात आखडता घेतला नव्हता. चाऊमीन, पिझ्झा, सगळं मांडवात हजर. विहिणीच्या पंगतीला चांदीचं ताट, भोवती रांगोळी, उदबत्त्या. बाई पाटावर बसल्या, ताटाकडे कौतुकानं पाहिलं आणि विचारलं, "आज मंडईत काय स्वस्त होतं?" कुणा आगाऊ पाहुण्यानं मुळा सांगितला. सगळी पंगत खोळंबली, माझा भाऊ स्कूटर काढून मुळा आणायला गेला, आणि बाईंनी तो पाल्यासकट खाल्ला. नात दहा वर्षांची झाली, तरी मी ते विसरलेली नाही.

नात मात्र दोघींची एकच, आणि खो-खोसाठी वेडी. पण हरिशंकरपुरमच्या कोपऱ्यावर रोज संध्याकाळी मोमो खायची आणि घरी ताटाला शिवायची नाही. एक दिवस सरावात चक्कर येऊन पडली. डॉक्टर म्हणाले, रक्त फार कमी आहे. खेळाच्या बाईंनी सांगितलं, ते वाढेपर्यंत मैदानात पाऊल टाकायचं नाही. पोर भिंतीकडे तोंड करून रडत पडली. मला जे येतं ते मी केलं: गर्दी जमेपर्यंत मोमोवाल्याशी भांडले, आणि जन्मात पहिल्यांदा भाव न करता ताकदीच्या पावडरीचे डबे आणले. पोरीनं ती तुळशीला घातली.

विहीण रागावली नाही, मोमो बंद केले नाहीत. मोमोचे पैसे तिनं पोरीच्या हातावर ठेवले आणि सांगितलं, यात घरच्या सगळ्यांची भाजी आण, उरेल ते तुझं. पहिल्या दिवशी मजा बघायला मीही गेले. पोर मेथीच्या सगळ्यांत मोठ्या ढिगापाशी बसली, कोपरापर्यंत हात घातला आणि म्हणाली, "भैया, ऊपर तो पानी छिड़का है, नीचे से दो. और भाव भी थोड़ा नीचे लाओ." भैयानं मदतीसाठी माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं.

भांडून मिळवलेली भाजी ती वाया जाऊ देईना. मेथी, हरभऱ्याची भाजी, बाजरीची भाकरी, लिंबू पिळलेले मोड आलेले मूग, सगळं स्वतः खायची आणि बापानं पान टाकलं तर त्याला झापायची. मोमो उरले रविवारपुरते. थंडी सरता सरता डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला, आणि पोर संघात आली.

शाळांच्या अंतिम सामन्याला आम्ही दोघी मैदानाच्या पायरीवर बसलो. विहिणीच्या मांडीवर शेंगदाणे-गुळाचा डबा होता. मी काहीतरी टोमणा मारणार, तेवढ्यात ती म्हणाली, "विहीणबाई, भाव करणं मला शिकवता आलं नसतं. ते तिच्यात तुमचं आहे. माझ्याकडे नुसते ढीग." टोमणा गिळून मी तिच्या डब्यातला गुळाचा खडा तोंडात टाकला.

शेवटचं मिनिट उरलं असताना आमच्या पोरीनं सूर मारून समोरच्या संघाची शेवटची मुलगी बाद केली आणि सामना आमचा झाला. सगळं मैदान उठलं. विहिणीनं माझं मनगट घट्ट धरलं होतं. तिचा हात गार पडला होता. सगळी थंडी ही बाई शांतपणे भाकऱ्या थापत होती आणि मी तिला दगड समजत होते. तीही माझ्याइतकीच घाबरलेली होती. मी माझा दुसरा हात तिच्या हातावर ठेवला. पोर धुळीनं माखून आम्हाला शोधत होती, पण विहिणीच्या एका हातात डबा आणि बाकीचे तीन हात एकमेकांत अडकलेले. पोरीला हात दाखवायला दोघींपैकी कुणाचाच हात मोकळा नव्हता.