त्र्यंबकरावांची आढी

अमेरिकेत बॉथेलला घर घेतलं तेव्हा मागं ते पेअरचं झाड होतंच. जुनं, वाकडं. फळ बारकं, खरखरीत, मातीच्या रंगाचं, आणि कडक तर असं, की लतिकाबाई म्हणाल्या, "हे खायचं की कुणाला मारायचं?"

त्र्यंबकराव मूळचे रत्नागिरीचे. त्यांनी आंब्यासारखी आढी घातली, गवतात, हीटरशेजारी. वरून छान दिसले, कापले तर आतून काळे. लतिकाबाई हसून हसून खाली बसल्या. मग शेजारच्या म्हाताऱ्यानं सांगितलं, हा विंटर नेलिस, जुनी जात, याला आधी थंडी लागते. ऑक्टोबरात कच्चाच काढायचा, गार ठेवायचा, हिवाळा मुरला की थोडे थोडे घरात आणायचे. देठापाशी अंगठ्यानं दाबून दबला की पिकला. तेव्हापासून आढी गॅरेजमध्ये.

यंदाही घातली. आणि नोव्हेंबरात त्र्यंबकराव झोपेतच गेले.

दहाव्याला मागच्या अंगणात पान ठेवलं. मुलगा परीक्षित म्हणाला, "आई, बाबांचा पेअर ठेवूया ना. हीटरपाशी ठेवला तर पिकेल?"

"सडेल."

मग कडकच ठेवला. बॉथेलला हिवाळ्यात कावळ्यांना काय तोटा? पण सगळे कुंपणावर बसून नुसते बघत होते. परीक्षित हात जोडून म्हणाला, "बाबा, आईला सांभाळीन." एकही हलला नाही. सून सुनेत्रा म्हणाली, "बाबा, झाड नाही तोडणार." तरी नाही. नातू शिव हळूच म्हणाला, "आज्जी, मे बी दे आर नॉट हंग्री."

लतिकाबाई पुढं आल्या. "आढी मी बघते. एकही वाया जायचा नाही. घ्या आता."

एक उतरला. भात उचलला, पेअरला चोचही लावली नाही.

सगळे रडले. लतिकाबाईंना रडूच येईना. "कच्चा आहे, त्याला कळतं," म्हणाल्या आणि भांडी घासायला आत गेल्या.

मग रोज सकाळी गॅरेज. फळं उलटायची, डागाळलेली काढायची. फोन आला की "बरी आहे" म्हणायचं.

जानेवारीत किचनमध्ये आणून ठेवलेला एक देठापाशी दबला. ओट्याशी उभ्यानंच कापला. रस कोपरापर्यंत आला. गोड होता. म्हणजे गोड आहे एवढं कळलं, बाकी काही नाही. तरी शेवटच्या फोडीपर्यंत खाल्ला.

हात धुतले आणि गॅरेजमधून पुढचा आणून ठेवला.